पाइनच्या रानातली मान खाली घालणारी डेझी : शोधायची कुठे, ओळखायची कशी, वाढवायची कशी

संक्रांत ते गुढीपाडवा. या फुलाचा हंगाम लक्षात ठेवायला मराठी माणसाला इतकं पुरतं. अमेरिकेतल्या उत्तर फ्लोरिडात, टॅलाहासीच्या आसपास, तिळगुळाचा डबा रिकामा होत आला की पाइनच्या रानात जमिनीलगत पांढरी फुलं दिसू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना भर येतो आणि एप्रिल संपेपर्यंत खेळ आटोपतो. उत्तर कॅरोलिनात राहणाऱ्यांनी हेच वेळापत्रक थोडं पुढे सरकवावं. ऑर्लँडोच्या बाजूला राहणाऱ्यांनी डिसेंबरपासूनच नजर ठेवावी.

फुलाचं नाव वूली सनबॉनेट. कुणी पाइनलँड डेझी म्हणतं. शास्त्रीय नाव चॅप्टॅलिया टोमेंटोसा. यातला ‘टोमेंटोसा’ म्हणजे लोकरीसारखी दाट लव असलेली. ‘चॅप्टॅलिया’ हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हेंतना यांनी जाँ-आंत्वान शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाच्या मानार्थ दिलं. ‘नायट्रोजन’ हा शब्द रूढ करणारे ते हेच. सनबॉनेट म्हणजे शेतावर काम करणाऱ्या बायका उन्हात घालत ती, कपाळावर छज्जा असलेली टोपी. खाली झुकलेलं फूल पाहिलं की हे नाव का पडलं ते लगेच कळतं.

हे झाड बहुवर्षायू आणि सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. या कुळात आपली सोनकी आहे, झेंडू-शेवंती आहेत, बांधावरची एकदांडी आहे. पण नातं आणखी जवळचं सांगायचं तर ते जरबेराशी, लग्नाच्या स्टेजवर आणि पॉलीहाऊसमध्ये दिसतो त्याच जरबेराशी. दोघंही त्या मोठ्या कुळाच्या एकाच छोट्या शाखेतले. जरबेराचा दांडा आठवा : बिनपानांचा, सरळ, टोकाला एकच फूल. तोच आराखडा वीतभर उंचीत, लोकर पांघरून पाहायचा असेल तर या रानात या.

आधी रान वाचायला शिका

फूल शोधायला निघालेला माणूस फुलाकडेच बघत चालतो आणि त्यामुळेच चुकतो. हे फूल नाण्याएवढं असतं, हेक्टरभर गवतात ते नुसत्या नजरेनं सापडत नाही. आधी योग्य रान शोधायचं, मग त्यातली योग्य जागा, आणि शेवटी फूल.

हे फूल उत्तर कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंत आणि तिथून पश्चिमेला टेक्ससच्या पूर्व भागापर्यंत, किनाऱ्यालगतच्या सपाट वालुकामय पट्ट्यात मिळतं. त्याचं खरं घर म्हणजे लाँगलीफ पाइनचं उघडं, ओलसर रान. लाँगलीफ ओळखणं सोपं आहे. खाली पडलेल्या सुयांचा एक झुबका उचला. तीन सुया एकत्र असतील आणि लांबी तुमच्या वितीपेक्षा बरीच जास्त, काही वेळा दुप्पट, भरत असेल तर तो लाँगलीफ. लॉबलॉली पाइनच्याही तीन-तीन सुया असतात, पण त्या आखूड. स्लॅश पाइनच्या एकाच झाडावर दोन-दोन आणि तीन-तीन सुयांचे झुबके मिळतात. त्याच्या ओलसर रानातही हे फूल दिसतं, तेव्हा स्लॅश पाइन दिसला म्हणून मागे फिरू नका.

एके काळी या लाँगलीफ रानांनी व्हर्जिनियापासून टेक्ससपर्यंत सुमारे ३.६ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. सगळा महाराष्ट्र ३.०८ कोटी हेक्टरांचा आहे, म्हणजे त्याहूनही मोठं रान. लाकडासाठी तोड झाली. राळ आणि टर्पेंटाइन काढण्यासाठी खोडांना खाचा पाडल्या गेल्या. मोकाट डुकरांनी कोवळी रोपं खाल्ली. तोडलेल्या जागी लवकर वाढणाऱ्या पाइनच्या लागवडी आल्या, आणि विसाव्या शतकात आग लागली की ती विझवायचीच असं धोरण आलं. रान घटत घटत मूळच्या तीन-चार टक्क्यांवर येऊन ठेपलं. आता ते पुन्हा वाढवायचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्या प्रयत्नांत आगीला मोठं स्थान आहे.

इथे आपल्या मनातला वणवा थोडा बाजूला ठेवावा लागतो. सह्याद्रीत उन्हाळ्यात डोंगर पेटले की जीव हळहळतो, आणि ते बरोबरच आहे. इथलं रान मात्र विजेच्या आगीत वाढलेलं आहे, आणि मूळचे रहिवासी हजारो वर्षं ते मुद्दाम पेटवत आले. दर दोन-तीन वर्षांनी जमिनीलगत सरसरत जाणारी हलकी आग इथे हवीच असते. लाँगलीफचं रोप पहिली काही वर्षं गवताच्या ठोंबासारखंच दिसतं. लांब सुयांच्या झुबक्यात त्याचा कोंब सुरक्षित राहतो आणि वरून आग निघून जाते. आपल्या डेझीचा वाढीचा कोंबही जमिनीच्या पातळीला असतो. पानं जळतात, झाड जगतं. आग नसेल तर झुडपं माजतात, सॉ पाल्मेटो या बुटक्या ताडाचे पंखे पसरतात, सुयांचा हातभर थर साचतो आणि त्याखाली ही जमिनीला चिकटलेली पानं गुदमरून जातात.

म्हणून रानात शिरल्यावर पहिल्यांदा खोडांकडे बघा. साल तळाशी काळी आहे का? काळेपणा ताजा, बोटाला लागणारा आहे, की पावसानं धुऊन राखाडी झालेला? जमिनीवर वाळूचे ठिपके दिसताहेत का, वायरग्रास या बारीक पात्यांच्या गवताचे हिरवे झुबके नव्यानं फुटलेत का? पाल्मेटो गुडघ्याच्या खाली आहे का? गेल्या एक-दोन वर्षांत जळलेलं रान असंच दिसतं, आणि तिथेच थांबायचं. उलट झुडपं छातीपर्यंत आलेली असतील तर तिथे वेळ घालवू नका, पुढे चला.

दुसरी खूण ओलीची. पाय रुतेल इतका चिखल नको आणि भुरभुरीत कोरडी टेकडीही नको. वालुकामय उंचवटा आणि सायप्रस वृक्षांच्या दलदलीच्या मधली उतरण बघा. माझी चाचणी साधी आहे : गुडघा टेकवला की पँटला ओल लागली पाहिजे. आसपास कीटकभक्षी पिचर प्लँटचे उभे नळे किंवा बटरवॉर्टचे चिकट, जमिनीलगतचे पानांचे तारे दिसले, तर तुम्ही बरोबर पट्ट्यात आहात. डेझी मात्र त्यांच्याहून किंचित वरच्या, जरा कमी ओल्या काठाला असते.

जायचं कुठे

टॅलाहासीच्या नैऋत्येला लागूनच अपालाचिकोला राष्ट्रीय वन सुरू होतं. १९३६ साली घोषित झालेलं हे वन अडीच लाख हेक्टरांहून थोडं मोठं आहे. पहिल्यांदा येणाऱ्यानं सरळ त्याच्या पश्चिम भागात, ६५ क्रमांकाच्या राज्य रस्त्यानं सुमात्रा नावाच्या वस्तीच्या दिशेनं जावं. दोन्ही बाजूंना उघडी, ओली सवाना लागते. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावून पन्नास पावलं आत गेलं तरी पुरतं. आडवाटांच्या वाळूत गाडी रुतते आणि फोनला रेंज नसते, म्हणून आतल्या रस्त्यांवर एकट्यानं जाऊ नका.

कॅरोलिनाकडच्यांसाठी क्रोएटन आणि फ्रान्सिस मॅरियन ही राष्ट्रीय वनं आहेत. विल्मिंग्टनच्या बाजूला नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेचं ग्रीन स्वाम्प राखीव क्षेत्र आहे. तिथे या डेझीच्या शेजारी व्हीनस फ्लायट्रॅप हा कीटकभक्षी उगवतो. तो उपटून नेणं उत्तर कॅरोलिनात १ डिसेंबर २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे तिथे खुरपं-पिशवी घेऊन फिरूसुद्धा नका.

सोबत पाणी, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि नारिंगी जाकीट घ्या. शिकारीचा हंगाम चालू असेल तर नारिंगी कपड्यांवाचून रानात पाऊल टाकू नये. जाण्याआधी वनविभागाच्या पानावर त्या दिवशी कुठे नियोजित आग लावणार आहेत ते बघा. घरी परतल्यावर गोचिडींसाठी अंग तपासा, गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली आधी. आणि गुडघे टेकण्यापूर्वी जमीन बघा : भुसभुशीत वाळूचा बिनतोंडाचा ढीग म्हणजे फायर अँटचं वारूळ. आपल्या लाल मुंग्यांपेक्षा यांचा डंख कितीतरी वाईट, पुढे आठवडाभर पुळ्या राहतात.

वेळ : साडेदहा ते दोन

मी पहिल्या वर्षी तीन रविवार पहाटे उठून गेले आणि रिकाम्या हातानं परतले. पक्षी बघायची सवय, म्हणून सात वाजता रानात. चौथ्या खेपेला उशीर झाला, अकरा वाजले होते. ज्या पट्ट्यातून मी तीनदा चालले होते, तिथे सगळीकडे पांढरी फुलं उन्हाकडे तोंड करून उभी होती. तेव्हा त्याच पट्ट्यात बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी परत पहाटे येऊन पाहिलं.

रात्री आणि सकाळी हे फूल मान खाली घालून असतं. दांडा टोकाशी छत्रीच्या मुठीसारखा वळलेला असतो. पाकळ्या मिटलेल्या, आणि त्यांची बाहेरची बाजू पांढरी नसून जांभळट-गुलाबी असते, वाळक्या गवताच्या रंगात मिसळून जाणारी. ऊन चढलं की वळसा हळूहळू सरळ होतो, पाकळ्या पसरतात आणि पांढरा रंग दिसू लागतो. ढगाळ दिवशी मान वर यायला फार वेळ लागतो किंवा ती येतच नाही. इथल्या लोकांत याला ‘रात्री डुलक्या घेणारा दलदलीतला डँडेलियन’ अशा अर्थाचंही एक नाव आहे, आणि ते पाहूनच ठेवलेलं असणार.

तेव्हा निरभ्र दिवस निवडा आणि साडेदहा ते दोन या वेळात जा. जमलं तर एकदा नऊला पोहोचून एका फुलाशेजारी बसा. मान वर येताना डोळ्यांना हालचाल दिसत नाही. दर पंधरा मिनिटांनी त्याच कोनातून फोटो काढला तर दिसते.

ओळख पक्की करा : पान उलटून बघा

वरून पाहिलं तर जमिनीला चिकटलेला पानांचा चक्राकार झुबका दिसतो. पानं लांबट, गडद हिरवी, काहीशी चकचकीत. आता एका पानाच्या कडेखाली बोट घालून ते अलगद उचला. खालची बाजू पांढरीशुभ्र असते, लग्नातल्या अंतरपाटासारखी. ही लव इतकी दाट असते की शिरा जेमतेम उठून दिसतात. बोट फिरवलं तर फेल्टच्या कापडासारखं लागतं. वरून हिरवंगार आणि खालून असं पांढरं पान, जमिनीलगतचा झुबका आणि ओलसर पाइनचं रान, या तीन गोष्टी जुळल्या की फूल नसतानाही ओळख जवळजवळ पक्की होते. हिमालयातल्या उतारांवर जरबेराची एक नातलग वनस्पती आहे, तिच्याही पानांखाली अशीच पांढरी कापसाळ लव असते.

दांड्यावर एकही पान नसतं, फांदी नसते, फक्त लोकर असते. एका दांड्यावर एकच फूल. उंची फुलताना वीत-दीड वीत. बी धरताना दांडा आणखी लांबतो, वाऱ्याला बी सोपवायला उंची लागते म्हणून.

भिंग असेल तर फुलाचा मध्य बघा. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते सूर्यफुलासारखंच अनेक पुष्पकांचं डोकं असतं, पण इथे तीन प्रकारची पुष्पकं आहेत. कडेला पांढऱ्या पाकळीची मादी पुष्पकं. त्यांच्या आत पाकळी जवळपास नसलेली, बारीक दोऱ्यासारखी आणखी मादी पुष्पकं. अगदी मध्यभागी परागकण देणारी. रविवारच्या गर्दीत हे दाखवता येत नाही. पण दोघं-तिघं असाल आणि मुलं सोबत असतील तर भिंग नक्की न्या.

गफलत कशाशी होते? सगळ्यात जास्त अर्ली व्हाइटटॉप फ्लीबेन या रानफुलाशी. तेही याच रानात, याच हंगामात, पांढऱ्या पाकळ्यांचं. पण त्याचा दांडा वर फांदतो, एका दांड्यावर बरीच लहान फुलं येतात, पाकळ्या सुतासारख्या बारीक असतात आणि पानं खालून हिरवीच. कडवीड या तणाच्या झुबक्यालाही खालून पांढरी लव असते, पण त्याचा दांडा पानांनी भरलेला आणि फुलं कणसासारखी मळकट. पाकळ्यांविना फुलणाऱ्या रानसूर्यफुलाची जमिनीलगतची पानं गोल, खरखरीत, दोन्ही बाजूंनी हिरवी. ते फुलतं पावसाळ्याच्या शेवटी.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर एक पुरत नाही. सहा काढा : पूर्ण झुबका, उलटलेलं पान, दांड्यावरची लोकर, फूल समोरून, फूल मागून (जांभळट छटा इथेच दिसते) आणि शेवटी मागे हटून आजूबाजूचं रान. शेवटचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. खोडावरची काजळी, गवताची उंची, पाल्मेटोची दाटी हे सगळं त्यात येतं. जळलेल्या आणि न जळलेल्या पट्ट्यांत हे झाड कसं राहतं याची तुलना अशा फोटोंतूनच होऊ शकते. टॅलाहासीजवळचं टॉल टिंबर्स संशोधन केंद्र १९५८ पासून आग आणि रान यांच्या नात्याचाच अभ्यास करत आलं आहे.

घरी वाढवायचं असेल तर

रानातून उपटू नका. राष्ट्रीय वनात परवान्याशिवाय झाडं नेता येत नाहीत, राज्य उद्यानांत तर पानही तोडता येत नाही. स्थानिक झाडांच्या रोपवाटिकेत रोप मागा आणि ते तिथेच बियांपासून केलेलं आहे का ते विचारा. मी एका विक्रेत्याकडे या डेझीची रोपं पाहिली होती. कुंडीत राखाडी रानवाळू, मुळांत गुंतलेल्या वायरग्रासच्या काड्या, जळक्या सुयांचे तुकडे, आणि प्रत्येक रोप वेगळ्या आकाराचं. ती रानातून उचललेली होती, यात मला शंका वाटली नाही. रोपवाटिकेतल्या रोपांची माती सारखी असते, वयही सारखं असतं. मुळं कुंडीच्या कडेनं फिरलेली असतात. कुंडी उलटी करून बघायला लाजू नका.

कुंडी प्लॅस्टिकची घ्या, मातीची लवकर सुकते. मिश्रण निम्मं पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि निम्मी धुतलेली जाड वाळू. समुद्रकिनाऱ्याची वाळू चालणार नाही, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. खत अजिबात नाही, शेणखतही नाही. आपल्या हाताला ते घातल्याशिवाय चैन पडत नाही हे मला माहीत आहे, पण हे झाड गरीब, आम्ल वाळूत वाढलेलं आहे. खतानं शेजारचं तणच आधी माजेल.

पाणी पावसाचंच द्या. टॅलाहासीचं नळाचं पाणी जमिनीखालच्या चुनखडकातून येतं, त्यात चुना भरपूर. काही महिन्यांत तो मिश्रणाची आम्लता मारतो. पन्हाळीखाली पिंप ठेवा. कुंडी बोटाच्या पेराएवढं पाणी असलेल्या थाळीत ठेवली की रोजची धावपळ वाचते. ऊन निदान सहा तास, तेही सकाळपासून दुपारपर्यंतचं, कारण मान वर करायला त्याला तेच लागतं.

इथे बागांमध्ये पाइनच्या सुयांचं आच्छादन घालायची पद्धत आहे. या कुंडीवर ते घालू नका, उडून आलेल्या सुयाही वेचून टाका. रानात जे काम आग करते ते घरी कात्रीनं करायचं : डिसेंबरच्या सुरुवातीला वाळलेली जुनी पानं कापा, शेजारचं गवत जमिनीलगत छाटा, वाळू उघडी करा.

फूल संपल्यावर दांडा कापू नका. डोकं काही आठवड्यांनी फुगून करड्या केसांचा गोळा होतो. चिमटीत हलकंच ओढल्यावर बी सहज हाती आलं तर ते पिकलं, जोर लावावा लागला तर दोन दिवस थांबा. वारा असेल तर मात्र थांबू नका. सगळं त्याच दिवशी उडून जाईल, दांड्यावर सैल मलमलची पिशवी बांधा. बी नखावर ठेवून दाबून बघा. चपटं, रिकामं असेल तर टाकून द्या, टणक असेल तेवढंच ठेवा.

पेरणी त्याच आठवड्यात. याच मिश्रणाच्या ओल्या पृष्ठभागावर बी पसरा, तळहातानं दाबा आणि वर माती टाकू नका, त्याला उजेड हवा. वरून झारी नको, खालून थाळीतून पाणी द्या. पहिली पानं तांदळाच्या दाण्याएवढी असतात आणि गवताच्या अंकुरांत हरवतात. ओळख पटली नाही तर भिंग घेऊन पानाची खालची बाजू तपासत राहा. लव दिसली की शेजारचं सगळं उपटा.

उन्हाळाभर कुंडी ओली ठेवा, वादळाच्या पावसात ती आडोशाला घ्या म्हणजे रोपं वाहून जाणार नाहीत. पुढच्या संक्रांतीला झुबक्याच्या मध्यात मुगाच्या दाण्याएवढी, लोकरीत गुंडाळलेली कळी शोधा. पहिल्या वर्षी ती दिसली नाही तरी झाड टाकू नका, पानं टवटवीत असतील तर तसंच राहू द्या. कळी दिसली तर ती सुरुवातीपासूनच मान खाली घालून असेल.